सायरन वाजला तर आपल्या गावात नेमकं काय करायचं?

पांढरी_माती
रामराम मंडळी. बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, आठवत असेल. यादीत आपलं छत्रपती संभाजीनगरही होतं. मी नोकरीमुळं तिथंच असतो, आईवडील भूम तालुक्यात गावाकडं. टीव्हीवर बातमी बघून आईचा फोन आला, "आपल्याकडं बी वाजणार हाय का भोंगा?" म्हटलं, नाही, शहरातच. ती म्हणाली, "आन् खरंच वाजला तर मी कुठं जाऊ?" म्हटलं, घरात बस. "घर पत्र्याचं हाय रे."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. नंतर वाचत गेलो. खिशातले निरोप देणारे पेजर फुटतायत, चाळीस-पन्नास हजाराचा ड्रोन कोट्यवधीचा रणगाडा उडवतोय, धरणं फुटतायत. सगळे म्हणतात युद्ध आता सीमेवर राहिलं नाही. मग ते आपल्याकडं कुठल्या वाटेनं येतं? आणि पहिला साधा प्रश्न तसाच आहे. सायरन वाजला तर आपल्या खेड्यात काय करायचं, हे कुणाला माहीत आहे का?

सिंगलफेज
आमच्याकडं ब्लॅकआउटचा सराव १९९० पासून रोज चालू आहे. शत्रूच्या विमानाला आमचं गाव अजून सापडलेलं नाही. 😄

माजी_हवालदार
पांढरी_माती, आधी साध्या प्रश्नाचं उत्तर घ्या. चढउतार करणारा, कोल्ह्यागत रडणारा आवाज म्हणजे हल्ल्याचा इशारा. एका सुरात लांब वाजला तर धोका टळला. इशारा झाला की दिवे बंद, गॅस बंद, खिडकीपासून लांब. पत्र्याचं घर असेल आणि जवळ पक्कं घर नसेल तर बाहेर चारी-नाल्यात पालथं पडायचं, कानावर हात, तोंड थोडं उघडं. झाडाखाली, डीपीखाली थांबायचं नाही. आईला एवढं सांगा.

बाकी मी सीमेवर राजौरी-पूंछला काढलीत वर्षं. तिथल्या बायामाणसांना हे सगळं तोंडपाठ असतं. घराशेजारी बंकर, बंकरमध्ये पाण्याचा ड्रम आणि शेळी बांधायला खुंटी. त्याच मे महिन्यात पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांचे गोळे भरवस्तीत पडले, माणसं गेली. आणि त्याच रात्री आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक "अजून दोन दिवस चालू द्या" लिहीत होते. लई राग आला होता तेव्हा.

चांदमिनार
युद्ध सीमेवर राहिलं नाही म्हणे! राहिलं होतं कधी? देवगिरीची गोष्ट लहानपणी ऐकली नाही का? १२९६ ला अल्लाउद्दीन चालून आला तेव्हा सैन्य युवराजाबरोबर बाहेर. रामदेवराव किल्ल्यात शिरला. घाईघाईनं धान्य म्हणून गडावर चढवलेली पोती फोडली तर निघालं मीठ. एवढा अजिंक्य खडक, खंदक, अंधारी वाट, सगळं वाया. आता याला तुम्ही 'पुरवठा साखळीवरचा हल्ला' म्हणता. आमच्या आजोबांच्या भाषेत पोती न तपासणं.

गोदाकाठ
@चांदमिनार, गोष्ट झकास. पण एक फरक आहे. तेव्हा वेढा पडल्याशिवाय उपासमार होत नव्हती. आता वेढा पडतो काळ्या समुद्रात आणि तेलाचा डबा महागतो लातुरात.

मोंढा_रोड
गोदाकाठ यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं, म्हणून लिहितो. कुणाला आवडणार नाही.

फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला. तेव्हा आपल्याकडं येणारं सूर्यफूल तेल बहुतेक तिथलंच. ते अडकलं, खाद्यतेल भडकलं, आणि लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन सात हजाराच्या वर गेलं. माझ्याकडं त्या साली चाळीस कट्टे सोयाबीन घरात ठेवलेलं. विकलं. त्यातून पोरीचं लग्न झालं. टीव्हीवर पडलेल्या इमारती दिसायच्या आणि मी सकाळी उठून पहिला भाव बघायचो. खोटं कशाला सांगू, अजून आठ दिवस चालावं असं मनात आलं होतं. हवालदारसाहेबांनी ग्रुपवरचं सांगितलं, तसाच मी पण.

मग दुसरी बाजू आली. त्याच साली डीएपी खताची बॅग १२०० ची १३५० झाली, पोटॅश १७०० वर. रशिया आणि बेलारूस पोटॅशचे मोठे पुरवठादार, तिकडून येणं आवळलं. पुढं सोयाबीनचा भाव असा पडला की २०२४ ला ४८९२ हमीभाव असताना मोंढ्यात त्याच्या बऱ्याच खाली विकलं. म्हणजे वर जाताना युद्ध, खाली येताना तेलाची आयात. आमच्या हातात काय, तर चाळणी मारणं.

तुरीचं_वरण
मोंढा_रोड काका, खरं लिहिलंत. इतकं खरं लिहिणारे कमी.

दुधना_काठ
माझी पुतणी युक्रेनमध्ये खारकीवला एमबीबीएस करत होती. सेलू तालुक्यातलं घर, चार एकरावर कर्ज काढून पाठवलेली. त्यामुळं "दूरचं युद्ध" हा शब्द मला चालत नाही.

पहिले पाच-सहा दिवस ती मेट्रोच्या स्टेशनात, जमिनीखाली. वहिनीनं तिला सांगून ठेवलेलं, फोन बंद ठेव, रोज सकाळी नऊला एकदा चालू कर. तेवढ्यासाठी सगळं घर नऊला गोळा व्हायचं. २ मार्चला दूतावासाचा निरोप निघाला, खारकीव आत्ताच्या आत्ता सोडा, गाडी मिळाली नाही तर चालत जा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये नाहीतर बेझ्लुदोव्का गाठा. ही तीन नावं आमच्या घरात आजही सगळ्यांना येतात. माझ्या भावाला, ज्याला परभणीच्या पलीकडची स्टेशनं सांगता येत नाहीत, त्यालाही.

पोरगी चालत निघाली. बर्फातून. पाठीवरच्या सॅकमध्ये कागदपत्रं आणि वहिनीनं दिवाळीत दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा उरलेला डबा. सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानानं आली, पोलंडमार्गे. आल्यावर महिनाभर पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की दचकायची.

कर्ज मात्र तसंच होतं. त्याला युद्धविराम नसतो.

पांढरी_माती
दुधना_काठ, वाचून सुन्न झालो. पुतणी आता कशी आहे?

दुधना_काठ
बरी आहे. दुसऱ्या देशातून शिक्षण पुरं केलं, आता इथली परीक्षा देतेय. थंडी आवडत नाही म्हणते, एवढंच.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
आमच्या कंपनीचे पार्ट युरोपला जातात. २०२३ च्या शेवटी येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं कितीतरी पट. इथं काय झालं? तयार माल गोडाऊनला पडून, ओव्हरटाइम बंद, कंत्राटी पोरांना "पुढच्या महिन्यात या". येमेन नकाशात कुठं आहे हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. सुपरवायझरला पण नव्हतं. मला पण त्याच आठवड्यात कळलं.

बिब्याचं_फूल
ड्रोनवर कुणीच आलं नाही? मग मी येतो.

जुलै २०२४. आमच्या गेवराई-पैठण भागात रात्री ड्रोन फिरायला लागले. कुणाचे, कशाला, काही पत्ता नाही. चोर टेहळणी करतात अशी हूल उठली. पंधरा दिवस अख्खी गावं जागी. पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गच्चीवर, म्हातारी माणसं पारावर. दारावर कुणी फिरस्ता आला तरी त्याची उलटतपासणी. एक बिचारा भांडीवाला मार बसता बसता वाचला. एका रात्री आम्ही नऊ जण दोन मोटारसायकलवर एका ड्रोनच्या मागं शिवारभर पळालो. दोन तासांनी माजी सरपंच म्हणाले, "अरे, तो हलंना की." तारा होता.

आता हसू येतं. पण विचार करा, ना गोळी ना बॉम्ब, नुसता एक लुकलुकता दिवा आणि तीन तालुके पंधरा दिवस झोपले नाहीत. मजूर सकाळी कामावर येईना. युक्रेनमध्ये रोज रात्री रशियाचे शाहेद ड्रोन घोंघावत येतात, ते खरे असतात. तिथली माणसं वर्षानुवर्षं कशी झोपत असतील?

सिंगलफेज
नऊ जण दोन मोटारसायकलवर. खरा शस्त्रसाठा तो आहे.

काळी_कसदार
शाहेदचा विषय निघाला म्हणून थोडं हिशोबाचं. असा एक ड्रोन अंदाजे वीस ते पन्नास हजार डॉलरचा धरतात. तो पाडायला पेट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक क्षेपणास्त्र वापरलं तर त्याची किंमत चाळीस लाख डॉलरच्या घरात. म्हणजे डास मारायला पलंग जाळायचा. म्हणून तिकडं पुन्हा जुन्या मशीनगन पिकअपवर बसवल्या, स्वस्तात ड्रोन पाडणारे ड्रोन काढले. आपल्याकडंही ८-९ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानकडून ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं सरकारनं सांगितलं होतं. त्यातले कितीतरी नुसते आपली रडार कुठं आहेत ते चाचपायला आलेले.

आणि जॅमर लावून सिग्नल तोडला तर? त्यावर आता ड्रोनला फायबरची तार बांधून सोडतात, दहा-वीस किलोमीटरचं रीळ. तार असल्यावर जॅमर काय करणार? तिथल्या शेतांचे फोटो बघा. पिकावर, झाडावर, कुंपणावर सगळीकडं त्या केसाएवढ्या तारा पसरल्यात, उन्हात चमकतात. आपल्याकडं पहाटे हरभऱ्यावर कोळ्याची जाळी दवानं चमकतात, हुबेहूब तसं. उद्या युद्ध थांबलं तरी त्या तारा आणि मातीतले सुरुंग काढणार कोण? आम्हाला रोटाव्हेटरला साधी ठिबकची नळी गुंडाळली तर अर्धा दिवस जातो.

नमो_नमो_ड्रोन
मी फवारणीचा ड्रोन चालवते. बचत गटाला सरकारी योजनेत मिळाला, ८० टक्के अनुदानावर. दहा लिटरची टाकी, एक एकर सात-आठ मिनिटांत. प्रशिक्षणात एक मुलगा म्हणाला होता की युक्रेनमध्ये असलेच शेतीचे मोठे ड्रोन रात्री बॉम्ब टाकायला वापरतात, रशियन सैनिक त्यांना 'बाबा यागा' म्हणतात, म्हणजे त्यांच्या गोष्टीतली चेटकीण. घरी येऊन शोधलं तर खरंच होतं. दुसऱ्या दिवशी तुरीवर फवारायला गेले तेव्हा हातात तोच रिमोट होता. थोडा वेळ नुसती उभी राहिले बांधावर.

बिब्याचं_फूल दादा, त्या जुलैत माझाही धंदा बसला होता. ड्रोन घेऊन गावात शिरायची सोय नव्हती. तुमचेच नऊ जण आडवे आले असते.

बिब्याचं_फूल
ताई माफी असावी. दहावा मी सांगितलाच नाही, तो डिक्कीवर होता.

मास्तर_परळी
सर्वांचे अनुभव वाचले. सुरक्षिततेविषयी चार शब्द लिहितो, निवृत्त शिक्षकाची खोड समजा.

सुरक्षा म्हणजे सीमा, सैन्य, शस्त्रं असंच आपण धरत आलो. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालानं हा प्रश्न उलटा केला. देश सुरक्षित आहे, पण त्यातला माणूस आहे का? पोटाची, अन्नाची, आरोग्याची, पर्यावरणाची, जिवाची, समाजाची आणि राजकीय हक्काची अशी सात अंगं त्यात मांडली. यालाच मानवी सुरक्षा म्हणतात. त्यामागचा मुख्य माणूस महबूब उल हक, पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री. आपल्या अमर्त्य सेन यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. पुढं २००३ मध्ये सेन आणि जपानच्या सादाको ओगाता यांच्या आयोगानं तोच विचार पुढं नेला.

आता मराठवाड्याला ही फूटपट्टी लावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला आठ हजारांच्या आसपास माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. जमावबंदी दंगलीसाठी असते असं मी मुलांना शिकवलेलं. कळशी घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी ती लागू होताना पहिल्यांदा पाहिली.

चांदमिनार
मास्तर, आदर राखून असहमती. भूकंप, दुष्काळ, सोयाबीनचा भाव, ओव्हरटाइम, सगळंच सुरक्षेत घातलं तर सुरक्षेबाहेर उरतं काय? उद्या माझी गुडघेदुखी पण त्यात बसेल. आणि एकदा पाण्याच्या प्रश्नाला 'सुरक्षा' म्हटलं की टाकीवर पोलीस येणार, तुम्हीच सांगितलंत. मला टाकीवर पोलीस नको, टाकीत पाणी पाहिजे.

मास्तर_परळी
शेवटचं वाक्य फळ्यावर लिहिण्यासारखं. आक्षेप जुनाच आहे, जगातही त्यावर दोन तट आहेत. कॅनडाचं म्हणणं होतं, भयापासून मुक्ती एवढंच धरा, युद्ध आणि हिंसेपुरतं. त्यांच्याच पुढाकारानं १९९७ चा भूसुरुंगबंदीचा ओटावा करार झाला (आपण त्यात नाही). जपान म्हणत होता, अभावापासून मुक्तीही धरा. मी जपानच्या बाजूचा. गुडघेदुखीसह.

उदगीरची_आज्जी_सांगायची
आमची आज्जी रजाकाराच्या काळातलं सांगायची. संध्याकाळी चूल लवकर विझवायची, धूर दिसू नये म्हणून. दागिने उकिरड्यात पुरलेले. पुरुष मंडळी हद्दीपलीकडच्या छावण्यांत, बायका-लेकरं गावात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आल्या, तीच पोलीस ॲक्शन, आणि चार-पाच दिवसांत निजाम शरण. आपण १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, लावायलाच पाहिजे. पण आज्जी पुढचं पण सांगायची, आवाज बारीक करून. लढाई संपल्यावर शेजारच्या मोमिन गल्लीत काय झालं ते. तिच्या मैत्रिणीचं घर त्यात गेलं. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं अख्ख्या हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कितीतरी वर्षं बाहेरच आला नाही.

पोलीस ॲक्शन पाच दिवसांची. आज्जीची साठ वर्षं चालली.

गड_आला
झालं! आता रजाकारांचा पुळका. मुक्तिसंग्रामात मेलेल्यांचं काय?

उदगीरची_आज्जी_सांगायची
माझ्या आज्जीचा थोरला भाऊ रजाकारांनी मारला. तिनंच मैत्रिणीचं पण सांगितलं. तिला दोन्ही लक्षात ठेवायला जमलं, तुम्हाला एक प्रतिसाद धड वाचायला जमत नाही.

संपादक_मंडळ
यापुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषय धरून बोला, एकमेकांच्या घरावर जाऊ नका.

औषधाची_चिठ्ठी
माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. मागं आंदोलनाच्या वेळी आमच्याकडं नेट बंद होतं. कोण बरोबर कोण चूक त्यात जात नाही, फक्त काउंटरवरून काय दिसलं ते सांगते. पहिल्या दिवशी ऑनलाइन पैसे बंद, लोकांकडं रोख नाही. एटीएम पण नेटवरच. दुसऱ्या दिवशी रेशन दुकानात अंगठा लागेना, बाया पिशव्या घेऊन परत. एक आजोबा इन्सुलिनसाठी आले, पोरगा पुण्याहून पैसे टाकतो ते यायचे कसे? मी वहीवर लिहून दिलं. दोन-तीन दिवसांत वही अर्धी भरली. मी आठवीत होते, त्यानंतर उधारीची वही काढली नव्हती बाबांनी.

हे सायबर हल्ला वगैरे वाचते तेव्हा मला ती वही दिसते. कुणी मुद्दाम महिनाभर बंद पाडलं तर?

काळी_कसदार
ताई, म्हणूनच वीज, बँक आणि पाणी ही पहिली लक्ष्यं असतात. इराणच्या नतान्झ अणुकेंद्राची यंत्रं संगणकाच्या एका विषाणूनं बिघडवली, ते २०१० ला उघडकीला आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनला आधी पेजर, दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी. तिथं तर बाजारात, दवाखान्यात, घरात लोकांच्या खिशात फुटले, लेकरंही गेली.

नाथसागर
मी पैठणचा. धरणाचं सांगतो. ६ जून २०२३ ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं, खालची गावं पाण्यात, वरची कालवे कोरडे पडून तहानलेली. धरणावर हल्ला करू नये असं जिनिव्हा कराराच्या १९७७ च्या जोडकरारात लिहिलंय. लिहिलंय.

जायकवाडीचे २७ दरवाजे मी लहानपणापासून मोजतोय. २००६ ला गोदावरीला पाणी सुटलं तेव्हा आमचं अर्धं पैठण गच्चीवर होतं. सप्टेंबर २०२५ ला पुन्हा तीच गत. तेव्हा शत्रूची गरज पडली नव्हती. आणि खरं सांगू का, दोन्ही वेळेला आम्हाला कळलं ते मंदिराच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून. त्यामुळं मूळ प्रश्न फार बरोबर आहे. सायरन कोण वाजवणार, ते आधी शोधा.

माजी_हवालदार
नाथसागर बरोबर बोलले. फौजेत पहिली गोष्ट हीच, निरोप कोण देणार आणि तो नसला तर कोण. बाकी क्षेपणास्त्रं नंतर.

पांढरी_माती
मंडळी, दिवाळीला गावी जाऊन आलो, म्हणून सविस्तर.

आमच्याकडं सप्टेंबरच्या पुरात शेजारच्या परंडा तालुक्यात हेलिकॉप्टरनं माणसं काढली, तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमचा ओढा रात्री दोनला चढला. गावाला उठवलं कुणी? शेळ्या राखणारी एक म्हातारी ताट बडवत गल्लीतनं फिरली, मग देवळातला भोंगा. आमचं दोन एकर खरवडून गेलं, खाली मुरूम उघडा पडलाय, पण माणसं सगळी वाचली.

ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं, सायरन आहे का? शिपाई म्हणाला, आहे की! कधीतरी आपत्ती व्यवस्थापनात आलेला. त्याच्या घरी गव्हाच्या कोठीवर ठेवलेला, नवाकोरा, वरचं प्लास्टिक पण काढलेलं नाही. लाइट नसताना चालावा म्हणून त्याला बॅटरी होती. होती म्हणजे, ती ट्रॅक्टरला लावलीय.

आईला हवालदारसाहेबांनी सांगितलेले दोन्ही आवाज तोंडानं काढून दाखवले. ती म्हणाली, रडका म्हणजे पळायचं, सरळ म्हणजे यायचं, कळलं. ताट तिनं दाराच्या मागं खिळ्याला टांगून ठेवलंय.

सिंगलफेज
ते सगळं ठीक. पण बॅटरी काढून आणा की राव. ट्रॅक्टर कुठाय?

पांढरी_माती
ऊस वाहतुकीला गेलाय, कारखान्यावर. मार्चला येईल.